मनाचे शब्द

मराठी भाषा मनाच्या बाबतीत मोठी श्रीमंत आहे. तिच्यात मन रमते, मन विटते, मन खाते, मन धजत नाही; कोणाचे मन राखावे लागते, तर कोणाचे मोडते. या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग मी वर्षानुवर्षे मुलांकडून करवून घेतला. परंतु हेच मन आजारी पडले, की या श्रीमंत भाषेजवळ घरोघरी एकच शब्द उरत असे : वेड. एकट्याने बोलणारा वेडा, दिवसचे दिवस अंथरूण न सोडणारा वेडा, आणि हाक मारल्यावर वळून न पाहणारे मूल तेही वेडेच! तापाला हिवताप, विषमज्वर अशी निरनिराळी नावे असावीत आणि मनाच्या साऱ्या दुखण्यांना मिळून एकच नाव, तेही शिवीसारखे असावे, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

शासनाची मोठी मनोरुग्णालये ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. आमच्या लहानपणी नाशिकला कोणी 'याला ठाण्याला धाडा' म्हटले, म्हणजे ते गावाचे नाव राहत नसे; तो टोमणा होई. मग आपल्या घरात असा रोगी आहे हे कबूल कोण करणार? गंडेदोरे होत, अंगारे होत, आणि रोग्याला माजघरात बसवून पाहुण्यांना सांगत, "तो गावाला गेला आहे." रोगी घराचा उंबरठाच ओलांडीत नसेल, तर दवाखाने असून उपयोग काय?

तेव्हा काही डॉक्टरांनीच आपल्या दवाखान्याचा उंबरठा ओलांडला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली ती ठाण्यातच. लेख, व्याख्याने, नाटके अशा मिळेल त्या वाटेने ते लोकांशी मनाविषयी बोलू लागले. डॉ. मोहन आगाशे यांना पुष्कळ लोक 'घाशीराम कोतवाल' नाटकातील नाना फडणवीस म्हणून ओळखतात. परंतु ते मानसोपचाराचे प्राध्यापक. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'कासव' या चित्रपटाचे ते निर्माते झाले. नैराश्याने खचलेल्या एका तरुणाची ती कथा. २०१६ सालचा देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून तिला सुवर्णकमळ मिळाले. एखाद्या दिवशी उदास वाटणे निराळे आणि दोन-दोन आठवडे, बहुतेक सारा वेळ, कशातच जीव न रमणे निराळे. दुसऱ्या अवस्थेला उपदेश नव्हे, उपचार लागतात.

याच दिग्दर्शकांचा 'देवराई' त्यापूर्वीच, २००४ साली आला होता. छिन्नमनस्कता जडलेला शेष आणि त्याला सांभाळताना थकणारी, तरीही न सोडणारी त्याची बहीण त्यात आहे. या चित्रपटाच्या पाठीशी जगन्नाथ वाणी उभे राहिले. ते डॉक्टर नव्हेत. धुळे जिल्ह्यातून कॅनडात गेलेले प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता, आणि ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. मला विचाराल, तर मोठ्या व्याख्यानाहून हे न लपविणे अधिक कठीण.

आता स्वमग्नतेविषयी. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हापासून डॉक्टर या अवस्थेला निराळी ओळखू लागले. भाषेचा शिक्षक म्हणून हा शब्द मला पुरता पटलेला नाही. असे मूल स्वतःतच मग्न असते असे आपल्याला दिसते खरे. परंतु पुष्कळदा बाहेरचे जगच त्याच्यावर फार जोराने आदळत असते. आमच्या शाळेतील एका मुलाला घंटेचा टोल सहन होत नसे. टोल पडला की तो किंचाळून बाकाखाली शिरे. मग आमच्या नाशिकच्या ढोलांची काय कथा! गल्लीत त्याला सारे वेडा म्हणत. एके दिवशी त्याची आई शाळा सोडल्याचा दाखला मागण्यासाठी अर्ज घेऊन आली. त्याच आठवड्यात पालकसभेला एक मनोविकारतज्ज्ञ यायचे होते. "तेवढे ऐका, मग दाखला देतो," मी म्हटले.

डॉक्टर तासभर बोलले. "हा वेडेपणा नव्हे, आईबापांच्या लाडाचा दोषही नव्हे. मेंदूची घडण जन्मतःच निराळी असते. तिला औषधाने पुसायचे नसते. तिच्याशी जुळवून घेऊन शिकवायचे असते." सभा संपल्यावर ती माउली पुढे आली आणि म्हणाली, "गुरुजी, तो शब्द लिहून द्या. घरी सासूबाईंना सांगायचा आहे." मी तो तिच्याच अर्जाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. अर्ज ती घेऊन गेली, दाखला राहिला.

दुसऱ्या दिवसापासून टोल देण्यापूर्वी शिपाई वर्गाच्या दाराशी येऊन एक बोट वर करी. मुलगा कान झाकून घेई आणि जागेवर बसून राही. वर्गातील मुलेही मग त्याच्या आधी बोट पाहून त्याला खुणावू लागली. दिवाळीनंतर तो स्वतःच शिपायाशेजारी उभा राहून टोल देऊ लागला. आपल्या हाताने वाजविलेल्या घंटेचा त्याला त्रास होत नसे.