डांबराचा डबा

डांबराला आपल्या भाषेत मुळीच मान नाही. लबाड माणसाला आपण डांबरट म्हणतो, आणि ज्या डांबरगोळ्यांनी पैठण्या कसरीपासून वाचवल्या, त्यांच्याच वासाला नाक मुरडतो. पण श्रीवर्धनच्या आमच्या वाडीत, पंपाच्या खोपीत, डांबराचा एक डबा असतो, आणि सासूबाई तो औषधाच्या बाटलीसारखा जपतात.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने इकडच्या वाड्या आडव्या केल्या. आमच्या पोफळी तर काडीसारख्या मोडल्या. विहिरीकाठचा, मामंजींनी लावलेला माड तेवढा उभा राहिला. पण शेजारचा माड त्याला घासून पडला आणि त्याचा बुंधा हातभर सोलवटला.

माडाची जखम म्हणजे सोंड्या भुंग्याला आमंत्रणच. ताज्या रसाचा वास त्याला लांबून लागतो. मादी चिरेत अंडी घालते आणि अळ्या आतला गाभा पोखरीत जातात. बाहेरून माड कसा हिरवागार! शेंडा कलतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. गेंड्या भुंगा त्या मानाने सरळ. नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसल्या, की पाडेली वर चढून तारेच्या आकड्याने त्याला ओढून काढतो. सोंड्यापाशी आकडा पोचत नाही.

म्हणून डांबर. ते भुंग्याला मारते, असा पुष्कळांचा समज, तसे नाही. ते जखम झाकते, वास लपवते, आणि जखम ताजी असतानाच लावावे लागते. रस्त्याचे डांबर नव्हे हं! ते खनिज तेलाचे. हे दगडी कोळशाचे. हाताला मात्र लागू द्यायचे नाही, कुंच्यानेच फासायचे.

वारा पडताच सासूबाईंनी आधी डबा मागितला. घरावरचे पत्रे उडून गेलेले, आणि ह्यांना माडाचे! मी चिडून बोलले.

“पत्रे पुन्हा मिळतील ग,” त्या म्हणाल्या, “माड लावणारा कुठून आणू?”

पुढे पाडेल्याने चढायला सोपे म्हणून बुंध्याला खाचा घालू का विचारले, तर त्यालाही त्यांनी हाकलले.

तो सारा पावसाळा त्या रोज सकाळी बुंध्याला कान लावीत. आत अळ्या असल्या, तर कुरतडल्याचा आवाज येतो म्हणतात.

“काय म्हणतोय?” मी विचारी.

“गप्प आहे.”

यंदाच्या करंज्यांत ओले खोबरे त्याच माडाचे आहे.