सातव्या दिवसाची मिस्सा

२०२७ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियातील सेऊल येथे जागतिक युवा दिन साजरा होणार आहे. त्याची कुणकुण आमच्या शिरूरकडील तरुण मंडळींना केव्हाच लागली आहे. मध्यंतरी एका रविवारी मिस्सानंतर पाच-सहा जणांनी आम्हांला अंगणातच गाठले. "फादर, तुम्ही ब्राझीलला गेला होतात ना? तिथं काय पाहिलंत?" समुद्र पाहिला, ख्रिस्ताचा पुतळा पाहिला, पोप महोदयांना दुरून पाहिले, असे आमचे ठरलेले उत्तर आम्ही देऊन टाकले. ते खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते. राहिलेले उत्तर एक तप उलटून गेले तरी आम्ही कोणाला दिलेले नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस प्रभुघरी गेले, त्या दिवशी ते लिहावे असे प्रथम वाटले. आज लिहायला बसलो आहोत.

वाचकहो, आमचे बालपण दौंडच्या रेल्वे वसाहतीत गेले. वडील रेल्वेत होते. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांची इंजिने दौंडला काढून दुसऱ्या टोकाला जोडत, आणि गाडी आली त्याच तोंडाने परत निघाल्यासारखी वाटे. प्रवास म्हणजे तोंड फिरवणे, अशी आमची बालपणीची समजूत होती. ब्राझील आम्हांला प्रथम ठाऊक झाला तो पेलेमुळे. पुढे पुण्याच्या रामवाडीतील पेपल सेमिनरीत शिकताना त्याच देशाची दुसरी ओळख झाली. रेसिफेचे आर्चबिशप हेल्डर कामारा, शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी आणि गोरगरिबांच्या वस्त्यांतून एकत्र बसून बायबल वाचणारे लहान ख्रिस्ती समूह या साऱ्यांवर आम्ही मोठ्या तावातावाने चर्चा करीत असू. पुस्तकातला हा ब्राझील आम्हांला पाठ होता. म्हणून २०१३ साली रिओ दि जानेरो येथील युवा दिनासाठी काही तरुणांबरोबर जाण्याचे आमच्या वाट्याला आले, तेव्हा आपण जणू ओळखीच्या घरीच निघालो आहोत असे वाटले.

आई त्या वेळी दौंडला अंथरुणाला खिळून होती. बालपणी रोझरी संपली की आम्ही भावंडे ओळीने तिच्यापुढे जाऊन आशीर्वाद घेत असू. आम्हांला गुरुदीक्षा मिळाली त्या दिवसापासून तिने ही रीत उलटी केली. घरी गेलो की तीच मस्तक पुढे करी. निघण्याच्या दिवशीही तिने तसेच केले. बाहेर जीपचा भोंगा वाजत होता. आम्ही घाईने तिच्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि निघालो. तिचा हात आपल्या मस्तकावर घ्यावा, हे सुचलेच नाही.

रिओतील मुख्य सोहळ्याआधी, १६ ते २० जुलै या दिवसांत, परदेशी यात्रेकरूंनी ब्राझीलच्या निरनिराळ्या धर्मप्रांतांत घरोघरी राहावे अशी योजना होती. आमची रवानगी साओ पावलो राज्यातील एका लहान गावी झाली. बसच्या खिडकीतून तासन् तास ऊसच दिसत होता. आमच्यातील पाटसकडचा एक मुलगा म्हणाला, "फादर, इतकं लांब येऊन शेवटी उसातच आलो की!" मधूनच कुरणे लागत, आणि त्यांत वशिंडांची पांढरी गुरे चरताना दिसत. ती जात मुळात आपल्या आंध्रातील नेल्लोरकडची. तेथे तिला नेलोरी म्हणतात. आपल्या गीर गाईचाही त्या देशात मोठा मान आहे. मात्र हा मान कित्येकदा जेवणाच्या ताटापर्यंत जाऊन पोचतो, हे पाहून आमची काही मुले जराशी ओशाळली.

आमच्या यजमानीण साठीच्या पुढच्या विधवा बाई होत्या. तेथे वडीलधाऱ्या स्त्रीला 'दोना' म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. दोना मूळच्या पेर्नाम्बुको राज्यातल्या, म्हणजे दोन हजार किलोमीटरहून दूरच्या. पती ऊसतोडणीसाठी दक्षिणेला आले, त्यांच्यामागून त्याही आल्या आणि इथल्याच झाल्या. पहाटे डबा बांधून निघायचे आणि दुपारी फडात तो गारच खायचा, म्हणून अशा मजुरांना तिकडे 'बोया-फ्रिया', अर्थात थंड जेवणवाले, असे नाव आहे. आपल्याकडे बीड-नगरकडून कोयता घेऊन न्हावऱ्या-पाटसच्या फडांवर येणारी कुटुंबे डोळ्यांपुढे उभी राहिली. दोनांच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाशेजारी हेल्डर कामारांचे पिवळे पडलेले छायाचित्र होते. आम्ही उत्साहाने, दुभाष्या मुलीच्या मदतीने, मुक्तीच्या ईशज्ञानाबद्दल त्यांचे मत विचारले. दोना थोडा विचार करून म्हणाल्या, "ते राजवाड्यात राहत नसत. चर्चच्या मागच्या खोलीत राहत." एवढेच. आमच्या सेमिनरीतल्या कित्येक संध्याकाळी त्या एका वाक्यात आटोपल्या.

दुभाषी मुलगी दिवसातून तासभर येई, बाकी वेळ खाणाखुणांवर. पण गंमत अशी की, दोनांच्या घरात आम्हांला आपलीच भाषा जागोजागी भेटू लागली. किल्ली म्हणजे शावी, भाकरीऐवजी पाँव, बटाटा म्हणजे बताता, लाकडी पसरट भांडे म्हणजे गामेला. आपली चावी, पाव, बटाटा आणि घमेले ही पोर्तुगीजांबरोबर आली हे आम्ही पुस्तकात वाचले होते; तरी स्वयंपाकघरात उभे राहून ती ऐकणे वेगळे. एकदा दोना 'बाउजी, बाउजी' असे म्हणत न्हाणीघराकडे बोट दाखवू लागल्या. कोणी भाऊजी आले की काय, म्हणून आम्ही दाराकडे पाहिले! ती आपली बादली निघाली. तेथील जिभेला शब्दाच्या शेवटी 'द' टेकवत नाही, त्याचा 'जी' होतो. त्यामुळे आमचे दौंड तेथे 'दाउंजी' झाले. दौंडला आजवर कोणी 'जी' लावून हाक मारल्याचे आमच्या ऐकिवात नव्हते.

१५०० साली काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी हिंदुस्थानाकडे निघाला असता एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला, आणि तेथून पुढे कालिकतला आला. त्या जलमार्गाने नंतर काय काय इकडे आले! काजू आला तो नावासकट. गोव्यात त्या फळाच्या रसाची फेणी झाली. दोनांच्या घरी तोच रस बाटलीतून सरबतासारखा पीत. रसात तो विशिष्ट तुरट घशात अडकणारा स्वाद होताच.

लोकांच्या वागण्याशी जुळवून घेणे मात्र आम्हांला जड गेले. चर्चमध्ये कोणीही येऊन धर्मगुरूला मिठी मारी, पाठ थोपटी, पहिल्या नावाने हाक मारी. गाणी टाळ्यांच्या तालावर. रात्री जेवणानंतर सारे घर दूरदर्शन मालिकेपुढे बसे, आणि रोझरी तिच्या आधी उरकली जाई. आम्ही मनातल्या मनात गुण देत होतो आणि कापतही होतो, हे कबूल केले पाहिजे. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी मनाला लागली. दोनांचे दोन्ही मुलगे लग्न होऊन दूर शहरांत राहत. त्यांचा फोन आला की पहिला शब्द 'बेंसाँव', म्हणजे आशीर्वाद. दोना तो देत आणि मगच ख्यालीखुशाली चाले. गोव्याकडची आपली मंडळी 'बेसांव' म्हणतात ते हेच. चाळिशी ओलांडलेले ते पुरुष एकही फोन त्याशिवाय सुरू करीत नसत.

१८ जुलैच्या रात्री साडेनऊच्या सुमारास मालिका चालू असताना आमचा फोन वाजला. दौंडला तेव्हा १९ तारखेची सकाळ, आषाढी एकादशी. थोरली ताई बोलत होती. आई गेली होती.

"येतोस का?" ताईने विचारले.

तेथून साओ पावलो, मग आखाती देश, मुंबई, दौंड. काहीही केले तरी दीड दिवसाच्या आत पोचणे शक्य नव्हते. सोबत मुले होती, त्यांच्या आईवडिलांनी ती आमच्या भरवशावर धाडली होती. आम्ही म्हणालो, "थांबू नका." कारणे खरी होती. पण कारण खरे असले म्हणजे मन निर्धास्त होते, असे कोणत्याही नीतिशास्त्राच्या पुस्तकात आम्ही वाचलेले नाही. पलीकडून ताई काहीच बोलली नाही.

दोनांनी दूरदर्शन बंद केले. आमच्याकडे पाहत त्यांनी एकच शब्द उच्चारला, "मांय?" त्यांच्या भाषेत आईला असे म्हणतात. आम्हीही तोच शब्द म्हणालो. माय. दुभाषा लागला नाही.

त्यानंतर त्यांनी काय केले ते आम्हांला नीट सांगता येणार नाही. दहा वाजेपर्यंत ओट्यावर शेजारी जमले होते. कोणी कॉफीची किटली आणली, कोणी खुर्च्या. ज्या मिठ्यांचे आम्ही गुण कापले होते, त्या एकामागून एक येत राहिल्या. मग रोझरी झाली. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग ते पोर्तुगीजमध्ये म्हणत, उरलेला आम्ही मराठीत पूर्ण करीत असू. आणि आमचा आवाज थांबला की एक म्हातारा शेतमजूर, काही न कळता, त्याच्या भाषेत तो पुढे नेई. दोना पहाटेपर्यंत समोरच्या खुर्चीवर बसून होत्या. जुलै तिकडे हिवाळ्याचा. आमच्या पायांवर त्यांनी कधी शाल टाकली, ते कळलेही नाही.

सकाळी त्यांनी तव्यावर ओलसर पांढरे पीठ पसरले. ते आचेवर आपोआप जुळून येते आणि त्याचे धिरडे होते, वर खोबरे. त्याला तापिओका म्हणतात. हे पीठ ज्या कंदाचे, त्याच कंदाचा आपला साबुदाणा. तो कंद दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा, मिरची, बटाटा हेही तिकडचेच. आपली उपवासाची खिचडी अशी जवळजवळ सगळीच्या सगळी त्या खंडातून आलेली आहे. पुढे घरी गेल्यावर कळले की त्याच दिवशी दौंडला शेजारच्या वारकरी कुटुंबाने, स्वतः निर्जळी असताना, आमच्या घरी साबुदाण्याचे मोठे पातेले आणून ठेवले होते. पावसात संध्याकाळी आईची माती झाली. शेजारीण उपाशीपोटी दफनभूमीपर्यंत चालत आली होती.

निघण्याच्या दिवशी दोना फाटकापाशी उभ्या होत्या. आम्ही पिशवी खाली ठेवली, मस्तक वाकवले आणि शिकलो होतो तो शब्द उच्चारला, "बेंसाँव." त्या गोंधळल्या. पाद्रीला आशीर्वाद कसा द्यावा? त्यांनी दोनदा हात मागे घेतला. मग ठेवला.

रिओबद्दल मुलांनी आपापल्या घरी भरपूर सांगितले आहे, आम्ही थोडक्यात उरकतो. आठवडाभर थंडी आणि पाऊस. ग्वारातिबाचे मैदान चिखलात गेल्यामुळे जागरण आणि समारोपाची मिस्सा कोपाकाबानाच्या वाळूवर हलवण्यात आली. २८ जुलैच्या त्या मिस्साला तीस लाखांहून अधिक माणसे होती. १९३१ साली उभारलेला, चौथऱ्यासह ३८ मीटर उंचीचा तो ख्रिस्ताचा पुतळा पाहायला आम्ही कोर्कोवादो डोंगरावर गेलो, तेव्हा ढगांमुळे केवळ पायथा दिसला! पुढे दुसऱ्या दिवशी खालच्या रस्त्यावरून तो पूर्ण दिसला, तेव्हा मुले ओरडली. २५ जुलैला पोप महोदय वार्जिन्या या झोपडवस्तीत गेले. तेथे त्यांनी घेवड्याच्या आमटीत पाणी वाढवता येते, या ब्राझिली म्हणीची आठवण काढल्याचे आम्हांला नंतर समजले. आम्हांला ती म्हण नवी नव्हती. आमच्या आईनेही रेल्वेच्या पगारात तेच केले होते, तूरडाळीच्या बाबतीत.

परत आल्यावर ताई आमच्याशी कित्येक आठवडे जेवढ्यास तेवढे बोले. आम्ही महिन्याची मिस्सा अर्पण केली, तेव्हा ती पहिल्या बाकावर बसून सरळ वेदीकडे पाहत राहिली. आम्ही समजावण्याच्या फंदात पडलो नाही.

येथे शिरूरविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शिरूरला, जुन्या घोडनदी छावणीत, १८०९ साली मरण पावलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की गावकरी त्याला 'सत् पुरुष' म्हणत आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य तेथे ठेवीत. परमुलखातला, परधर्माचा, परभाषेचा माणूस. सेमिनरीतून नवे असताना आम्ही यावर हसलो असतो, आणि भाबडेपणावर एखादे प्रवचनही ठोकले असते. आता त्या बाजूने जाताना आम्ही गाडीचा वेग थोडा कमी करतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात ब्राझीलहून एक पाकीट आले. आत दोनांच्या चर्चमध्ये वाटतात तो मिस्साचा साधा छापील कागद होता. तिकडे मृताची सातव्या दिवसाची मिस्सा हा मोठा विधी असतो. धर्माकडे पाठ फिरवलेली माणसेही त्या दिवशी चर्चमध्ये येतात. २४ जुलैच्या मिस्सापुढे आमच्या आईचे नाव छापले होते, दोन अक्षरे चुकून, आणि पुढे गावाचे नाव. मागच्या बाजूला तीसेक जणांच्या सह्या. त्यांतल्या तीन ठिकाणी सहीऐवजी अंगठा होता.

तो कागद घेऊन आम्ही दौंडला गेलो. ताई भाकऱ्या थापत होती. हात पुसून तिने तो घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि "वाचून दाखव" म्हणाली. आम्ही ओळ वाचली. ती बोटांवर मोजू लागली.

"एकोणीस तारखेला गेली ना आई? मग सातवा दिवस पंचवीसला येतो. एक दिवस चुकला की यांचा."

"ती गेली तेव्हा तिकडे अजून अठरा तारीख होती," आम्ही म्हणालो.

ताईने पुन्हा एकदा मोजले. मग कागदाची नीट चौघडी केली आणि आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. "बस," ती म्हणाली, "गरम आहे तोवर खाऊन घे."