घोडा कोणाचा?

परवा ऑफिसच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये मी चक्क एक घोडा चोरला. थांबा, सांगते.

सेल्सचा तो रिपोर्ट माझ्या टीममधल्या ज्युनिअरनं तीन रात्री जागून बनवला होता. मी फक्त फॉन्ट बदलला आणि ग्राफला रंग दिले. पण बॉस ‘वा!’ म्हणाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हो सर, जरा मेहनत घेतली मी.’ तो समोरच बसला होता. काही बोलला नाही. पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली.

त्याच रात्री एका पुस्तकात शब्द भेटला, ‘ब्रॅगाडोशिओ’. मला वाटलं, कॉफीचा नवा प्रकार असेल! निघाला बढाईखोर. एडमंड स्पेन्सर या इंग्रज कवीनं १५९० मध्ये ‘द फेअरी क्वीन’ या महाकाव्यात या नावाचं पात्र आणलं. ‘ब्रॅग’ म्हणजे बढाई मारणे. त्याला इटालियन वाटेल असं शेपूट जोडलं की झालं बारसं. पुढे पात्राचं नाव सगळ्याच बढाईखोरांना चिकटलं. आज इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा माणसापेक्षा त्याच्या फुशारकीसाठीच वापरतात.

या महाशयांचा पराक्रम काय? सर गायन नावाच्या सरदाराचा घोडा आणि भाला पळवायचा आणि स्वतःच सरदार म्हणून मिरवायचं. १५९६ मध्ये आलेल्या पुढच्या भागात खरा मालक समोर उभा राहतो. घोड्याच्या तोंडात नालाच्या आकाराचा काळा डाग आहे, असं तो सांगतो. डाग सापडतो. मालकानं नावानं हाक मारताच घोडा दावं तोडून त्याच्याकडे जातो. मग बढाईखोराची ढाल काढून घेतात आणि दाढीही भादरतात.

पुस्तक मिटलं. बॉसनी त्या रिपोर्टमधला एखादा आकडा कसा आला एवढं विचारलं असतं ना, तर माझाही घोडा दावं तोडून समोरच्या खुर्चीकडे गेला असता.

सकाळी आधी बॉसच्या केबिनमध्ये गेले. ‘सर, तो रिपोर्ट माझा नव्हता.’ मग ज्युनिअरच्या डेस्कपाशी जाऊन तेच सांगितलं, वर ‘सॉरी’. तो थोडा वेळ स्क्रीनकडेच बघत राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, रंग मात्र छान दिले होते तुम्ही.’

बरं झालं, मला दाढी नाही.