आते कथा जाऊ?

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत फिरलात तर अर्धा खान्देश तिथेच भेटेल. ताप्ती लाइनवरच्या गाड्या जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून माणसं आणतात आणि ती माणसं कापडाच्या धंद्यात मुरतात. माझी काकू त्यातलीच. घरी मशीन टाकून शिलाई करते. शिवलेली नऊवारी ही तिची खासियत. लग्नसराईत तिला जेवायलाही फुरसत नसते.

ओळखीतल्या एकाने तिला वेबसाइट करून दिली होती. दिसायला झकास, चाळीसेक पानं. पण बाहेरगावच्या ऑर्डरी येत त्या हमखास चुकीच्या मापाच्या. कुणी कंबर सैल मोजायचं, कुणी उंची चपलेसकट. नऊवारी परत यायची, उसवायची, पुन्हा शिवायची. वर कुरियरचा खर्च काकूच्याच माथी. शिलाईत सुटलेले पैसे असे निघून जायचे. आणि गंमत म्हणजे ‘माप कसं घ्यावं’ हे फोटोंसकट समजावणारं एक पान वेबसाइटवर होतं! फक्त त्या पानाकडे जायची वाट दुसऱ्या कुठल्याच पानावर नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी काकूच्या हातात मोबाइल दिला आणि म्हटलं, "समज, तू गिऱ्हाईक आहेस." तिने एक जांभळी नऊवारी उघडली, भाव वाचला, खालपर्यंत आली आणि म्हणाली, "माय, आते कथा जाऊ?" आता कुठे जाऊ? वेबसाइटचा सगळा आजार त्या तीन शब्दांत होता.

एकाच वेबसाइटच्या एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा म्हणजे अंतर्गत दुवा, इंटर्नल लिंक. सुरतच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटात हे रोज घडतं. आपण मागितलेला माल नसला तर चांगला दुकानदार नुसतं "नाही" म्हणत नाही. कुठल्या माळ्यावर, कितव्या गाळ्यात मिळेल ते सांगतो. पाहुणा नेहमी मुख्य दारातूनच येईल असंही नाही. सर्चमधून तो थेट आतल्या एखाद्या खोलीत टपकतो. म्हणून प्रत्येक पानाने पुढची वाट सांगायला हवी.

गूगलचंही तसंच आहे. त्याचा बॉट मुख्यतः दुव्यांवरून चालत नवी पानं शोधतो. ज्या पानाकडे एकही दुवा नाही ते पोरकं पान त्याला सापडणं कठीण. साइटमॅप दिला तर पत्ता कळेल, पण ते पान कशाशी संबंधित आहे, किती महत्त्वाचं आहे हे दुव्यांमुळे जास्त समजतं. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी 1998 साली मांडलेली पेजरँकची कल्पना याच पायावर उभी होती: एखाद्या पानाकडे कोण आणि किती जण बोट दाखवतात?

दुव्यावरचे शब्दही महत्त्वाचे. ‘इथे क्लिक करा’ म्हटल्याने माणसालाही कळत नाही आणि गूगललाही. ‘नऊवारीसाठी माप कसं घ्यावं’ म्हटलं की दोघांनाही कळतं. पण म्हणून प्रत्येक शब्दाला दुवा लावायचा नाही. चौकात पन्नास पाट्या असल्या की एकही वाचली जात नाही.

ही कला काही इंटरनेटने शोधलेली नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली आला. त्यात नोंदीच्या शेवटी ‘पहा’ असं लिहून संबंधित नोंदींची नावं दिलेली दिसतात. एक नोंद वाचायला घ्यावी आणि ‘पहा’ धरत धरत तिसऱ्याच खंडात पोचावं, हा आनंद आमच्या लायब्ररीत अजूनही फुकट मिळतो.

आम्ही दोघींनी बसून प्रत्येक नऊवारीखाली मापाच्या पानाचा दुवा टाकला. मापाच्या पानावरून परत नऊवारी, ब्लाउज आणि फॉल-पिकोकडे वाटा काढल्या. दोन दुपारी गेल्या, पैसा एकही नाही. दिवाळीत गेले तेव्हा उसवायच्या ढिगात एकच नऊवारी होती. तीसुद्धा मधल्या काळात बाईंचं वजन वाढलं म्हणून परत आलेली!

आता आपल्या मंडळाकडे वळते. आपले जुने ई-अंक आहेत, त्यात चांगल्या कविता आहेत, कथा आहेत. पण नवा अंक आला की त्या कुणाच्या नजरेस पडत नाहीत, कारण नव्या पानावरून जुन्याकडे वाट नसते. गूगलला मराठी कमी दिसते अशी तक्रार आपण करतो, पण जे लिहिलंय ते तरी आपण एकमेकांना जोडलंय का? पुढच्या अंकात लेख देताना त्याच विषयावरचा एक जुना लेख शोधा आणि त्याचा दुवा, नीट शब्दांत, संपादकांकडे सोबत द्या. कुणाची तरी विसरलेली कविता पुन्हा वाचली जाईल.