दोन दिवसांचा खानदेश

प्रवासास निघण्यापूर्वी प्रवासाचा आराखडा तयार करावा, ही शिस्त आमच्या घरात फार जुनी आहे. काशीस जावयाचे असो की शेजारच्या तालुक्यात लग्नास जावयाचे असो, आमच्याकडे प्रथम एक वही निघते. डाव्या बाजूस वेळ, उजव्या बाजूस स्थळ आणि तळाशी खर्चाचा अंदाज, असा तिचा क्रम ठरलेला आहे. गेल्या पौषात आम्ही दोन दिवसांत जळगाव आणि धुळे ही शहरे पाहून यावयाचे ठरविले, तेव्हाही ती वही निघाली. आणि या लेखासही तीच कारण झाली.

आमचा बेत ऐकून पुण्यातील आमचे एक स्नेही मोठ्याने हसले. "हवापालटासाठी माणसे महाबळेश्वरास जातात, कोकणात जातात, जळगावास कोण जातो?" असा त्यांचा सवाल. खानदेश म्हटला की बाहेरच्या माणसास तीन गोष्टी आठवतात: ऊन, केळी आणि भुसावळचे जंक्शन. अजिंठ्याची लेणी पाहावयास जाणारे प्रवासी जळगावच्या स्थानकावर उतरतात खरे, परंतु लेणी तेथून सुमारे ६० किलोमीटरांवर. म्हणून ते उतरतात ते लगोलग पुढे निघण्यासाठीच. त्यांच्या लेखी जळगाव म्हणजे एक लांबलचक फलाट! स्नेह्यांच्या हसण्यात आम्हीही सामील झालो. खरे कारण मात्र त्यांस सांगितले नाही.

खरे कारण असे की, धुळे हे आमच्या मातोश्रींचे माहेर. त्यांचे वय आज ८३ आहे. गेल्या चाळीस वर्षांत त्यांचे पाऊल तिकडे पडलेले नव्हते. तेथे आता कोणी उरलेले नाही, हे एक कारण. आणि आम्हांस कधी सवड झाली नाही, हे दुसरे व अधिक खरे कारण. वर्षभरापासून त्यांच्या स्मृतीस ओहोटी लागली आहे. सकाळी कोण येऊन गेले हे दुपारी त्यांस सांगता येत नाही. परंतु धुळ्याच्या गल्ल्या त्या आकड्यांनिशी मोजून दाखवितात. "कोठे न्यावयाचे असेल, तर फार लांबणीवर टाकू नका," एवढेच डॉक्टर म्हणाले. त्याच रात्री वही निघाली.

आता आराखड्याविषयी. ज्या शहरास कोणी प्रवासी जात नाहीत त्या शहराचा आराखडा करणे, हे काशी-रामेश्वराच्या आराखड्याहून कठीण असते. काशीस काय पाहावे हे सर्वांस ठाऊक असते. खानदेशात काय पाहावे हे प्रथम वाचून काढावे लागते. वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की, येथील प्रेक्षणीय स्थळे म्हणजे बहुतांशी इमारती नव्हेत; ती माणसे आहेत. जळगावात पाहावयाचे ते बहिणाबाई चौधरी यांचे घर. जवळच्या आसोद्यास १८८० साली जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही शेतकरीण जात्यावर आणि शेतात ओव्या रचीत असे. तिचे काव्य पुस्तकरूपाने १९५२ साली बाहेर आले, तेव्हा ती जाऊन काही महिनेच झाले होते. आज तेथील विद्यापीठास तिचे नाव आहे. जिला शाळा माहीत नव्हती, तिच्या नावाने पदव्या दिल्या जातात! जळगावापासून काही मैलांवर भादली नावाचे लहानसे स्थानक आहे. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी ठोंबरे यांचा तेथे रेल्वेखाली सापडून अंत झाला. तेव्हा त्यांस अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. जैन हिल्सवरील गांधीतीर्थ हे त्या मानाने अगदी अलीकडचे, २०१२ सालचे. महात्माजींचे सारे आयुष्य तेथे दालनादालनांतून पाहावयास मिळते.

धुळ्याचेही तसेच. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जमविलेले कागद ज्या संशोधन मंडळात आहेत, ते मंडळ धुळ्यात. कारण १९२६ सालच्या अखेरच्या दिवशी त्यांनी देह ठेवला तो याच शहरी. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून आणलेली रामदासी बाडे समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. आणि धुळ्याचा तुरुंग! १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, ती याच भिंतींआड. परंतु तुरुंग हा अद्यापि तुरुंगच असल्यामुळे त्यास बाहेरूनच नमस्कार करावा लागतो. यांखेरीज वाटेवर एरंडोलजवळचे पद्मालय, पारोळ्याचा भुईकोट, धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला, पांझरेकाठची एकवीरा देवी. मोजून पाहिले तो दोन दिवसांत चौदा स्थळे भरली होती. आम्हांस फार समाधान वाटले.

भोजनाचा प्रश्न याहून बिकट. आमची कन्या मोबाइलवर खाणावळींपुढे लोकांनी दिलेल्या तारका मोजीत होती आणि चार तारकांच्या खाली उतरावयास तयार नव्हती. परंतु खानदेशचे अन्न तारकांनी मोजता येत नाही. ते ऋतूने मोजावे लागते. भरीत हिवाळ्यातच खावे. त्यासाठी हिरवट, लांबट, पुष्ट वांगी लागतात. जळगावच्या या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर शेतातच भाजावीत, लाकडी भांड्यात ठेचावीत, त्यांत हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात घालावी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी किंवा पुरीशी खावीत. उलटपक्षी, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस पाहिजे असेल, तर वैशाखात, आखाजीसच गेले पाहिजे. तेव्हा सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. आणि आमच्यासारख्या पुणेकरांस मात्र ४५ अंशांच्या उन्हात श्वास घेणेही कठीण होते. शेवभाजी आणि वरण-बट्टी यांस ऋतूचे बंधन नाही. ती कधीही खावीत आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा.

मातोश्रींस आम्ही सारी यादी वाचून दाखविली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारले, "यात आमची गल्ली कोठे आहे?" चौदा स्थळांत ती नव्हती. "जाताजाता पाहू," असे आम्ही म्हणालो आणि समासात बारीक अक्षरांत 'गल्ली' असा शब्द लिहून ठेवला.

रात्रीच्या गाडीने निघून आम्ही भल्या पहाटे जळगावास उतरलो. आरंभ तर फारच चांगला झाला. गांधीतीर्थ मनापासून पाहिले. मातोश्री दोन दालने चालल्या आणि मग एका बाकावर स्वस्थ बसल्या. आम्ही मात्र घड्याळाकडे पाहत उरलेली दालने उरकली. बहिणाबाईंचे घर पाहिले. ठरल्या वेळेपेक्षा केवळ दहा मिनिटे मागे होतो.

घोटाळा झाला तो भरिताने. एका परिचितांनी आसोद्याच्या बाजूस आपल्या शेतात बेत केला होता. वहीत 'बारा ते एक, भोजन' असे लिहिलेले. आम्ही बारास पोहोचलो तेव्हा काड्या नुकत्याच पेटत होत्या. भरितास घाई चालत नाही. वांगे आतपर्यंत शिजून त्याचे कातडे सुटावे लागते. मग ते सोलावयाचे, मग ठेचावयाचे, मग फोडणी. आम्ही शेताच्या बांधावर येरझारा घालीत भादलीचे गणित पुनःपुन्हा मांडीत होतो. पाहतो तो मातोश्री चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या बाईंजवळ जाऊन बसलेल्या, आणि अहिराणीत बोलत असलेल्या! आमच्या उभ्या आयुष्यात त्या आमच्याशी अहिराणीत चार वाक्येही बोलल्या नव्हत्या. लग्न होऊन पुण्यास आल्या तेव्हा त्यांच्या बोलीस घरातील मंडळी हसली म्हणे. त्या दिवसापासून त्यांनी ती जी मिटून ठेवली, ती आज उघडली. त्या बाईंची बोली लेवा मंडळींची, अहिराणीहून निराळी. तरी दोघींचे काही अडत नव्हते. भरीत पानावर आले तेव्हा दोन वाजून गेले होते. मातोश्रींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "पात थोडी अधिक हवी होती." त्या बाईंनी उठून आणखी पात चिरून घातली. भादली राहिली.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या मोटारीने धुळ्यास निघालो. पद्मालय राहिले. पारोळ्याचा किल्ला मोटारीतूनच दिसला तेवढा पाहिला. धुळ्यास राजवाडे मंडळात आम्ही तासभर रमलो, मातोश्री बाहेर मोटारीत बसून होत्या आणि दर पाच मिनिटांनी आमच्या कन्येस विचारीत होत्या, "आता गल्लीत जायचे ना?" प्रत्येक वेळी प्रथमच विचारीत असल्यासारख्या. कन्येने ते आम्हांस येऊन सांगितले तेव्हा आम्हांस आपली लाज वाटली. वहीतील वाग्देवता मंदिर, एकवीरा आणि लळिंग यांवर आम्ही तेथेच उभ्या उभ्या काट मारली.

धुळ्याच्या गल्ल्यांस नावे नाहीत, आकडे आहेत. पेशवाई गेल्यानंतर कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे खानदेशचे मुख्य ठाणे केले आणि जुन्या गावाशेजारी सरळ रेषांत नवी वस्ती आखली. त्या आखणीतील या गल्ल्या एकमेकींस समांतर धावतात. आम्ही मोबाइलमधील नकाशा काढला. मातोश्रींनी तो पाहिलाही नाही. त्यांनी आमच्या कन्येचा हात धरला, मोठ्याने आकडे मोजीत वळणे घेतली आणि एका तीन मजली इमारतीसमोर त्या थांबल्या. "हे नाही," त्या म्हणाल्या, मग शेजारच्या भिंतीकडे, समोरच्या कोपऱ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हेच आहे. घर नाही, एवढेच."

त्या रडतील अशी आम्हांस भीती होती. त्या रडल्या नाहीत. खालच्या दुकानातील गृहस्थाने आमची ती उभी मंडळी पाहिली, आतून खुर्ची आणली आणि म्हणाला, "अठे बठ, माय." मातोश्री बसल्या. "कसं शे?" त्याने विचारले. "बरं शे, भाऊ," त्या म्हणाल्या. त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची पाचसात आडनावे सांगितली. त्यास एकही ठाऊक नव्हते. तो नंतर आलेला. तरीही त्याने चहा मागविला, आणि विहीर कोठे होती, आखाजीचा झोका कोणत्या झाडास बांधीत, कानबाईचे रोट कोणाच्या घरी भाजीत, हे सारे त्याने निमूटपणे ऐकून घेतले. अर्धा तास आम्ही सर्व जण दुकानाच्या फळीवर बसून होतो. त्या अर्ध्या तासात पाहावयास काहीही नव्हते, आणि आमच्या वहीत त्याच्यासाठी एकही रकाना नव्हता.

रात्री कन्येच्या चार तारका रद्द झाल्या. त्या दुकानदारानेच सांगितलेल्या एका लहानशा खाणावळीत आम्ही वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी जेवलो. मातोश्रींनी बट्टी स्वतः कुस्करली, तीवर तूप घेतले आणि आमच्या पानातील बट्टी पाहून म्हणाल्या, "तुला अजून कुस्करता येत नाही." आम्ही साठीच्या घरात आहोत. ती बट्टी त्यांनी आमच्या पानात हाताने कुस्करून दिली.

चौदांपैकी आम्ही तीन स्थळे पाहिली. हिशेबी माणसाने याला फसलेला प्रवास म्हणावे. परंतु आज कोणी आमच्याकडे खानदेशाचा आराखडा मागितला, तर आम्ही असे सांगू की, प्रथम जेवणे लिहावीत, त्यांस दुप्पट वेळ द्यावा आणि उरलेल्या जागेत स्थळे बसवावीत. दिवसास दोन पुरेत. राजवाड्यांचे कागद आणि समर्थांची बाडे आणखी पन्नास वर्षांनीही तेथेच राहतील अशी आशा आहे. ज्यांच्यासाठी आपण निघालो ते माणूस तितके थांबत नाही. म्हणून त्याने मागितलेले स्थळ समासात लिहू नये.

परत आल्यावर आठवडाभराने, एका संध्याकाळी, दिवा लावून झाल्यावर मातोश्रींनी आम्हांस जवळ बोलाविले आणि विचारले, "मला एकदा धुळ्याला कधी नेशील?"

आम्ही चपापलो. "आपण जाऊन आलो" हे शब्द ओठांवर आले होते. आमच्या सौभाग्यवतींनी डोळ्यांनीच आम्हांस थांबविले. त्या आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. आम्ही कोरे पान काढले, डाव्या बाजूस 'आखाजी' असे लिहिले आणि मातोश्रींस विचारले, "काय काय पाहायचे?"

"आमची गल्ली," त्या म्हणाल्या. मग थोडा विचार करून, "आणि खापरावरची पोळी. पण ऊन फार असेल हो तेव्हा."

ऊन फार असेल, हे खरेच. आम्ही डॉक्टरांस विचारून ठेवले आहे. पहाटे निघावे आणि दुपारभर कोठे सावलीत बसावे, असे ते म्हणतात. उजव्या बाजूस आम्ही प्रथमच, ठळक अक्षरांत, गल्ली लिहिली आहे. तिच्यापुढे वेळ लिहिलेली नाही.