नैवेद्य आणि निविदा

आमच्या संस्कृतच्या सरांनी एकदा वर्गात सांगितले होते, की नैवेद्य, निवेदन आणि निविदा ही एकाच घरातली भावंडे. देवापुढे ठेवतो तो नैवेद्य, सभेपुढे करतो ते निवेदन आणि सरकारी दारात सादर करतो ती निविदा. मागच्या बाकावर बसून मी हे वहीत उतरवून घेतले खरे. पण त्यातले तिसरे भावंड पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२४ साली, आमच्या घरी मुक्कामाला येईल असे काही वाटले नव्हते.

आमचे दुकान पुस्तकबांधणीचे. दुकान म्हणजे दहा बाय चौदाची एक खोली. दाराशी हाताने फिरवायचे कटिंग मशीन, कोपऱ्यात खळीचे भांडे, भिंतीला टेकवून ठेवलेले पुठ्ठे आणि खिडकीपाशी जुजबंदी करत बसलेले मामा. मामा नात्याने कोणी नव्हेत. पण बाबांनी दुकान हाती घेतले त्याच्याही आधीपासून ते तिथे दोरा ओवत बसलेले, म्हणून सगळ्या गल्लीचेच मामा. पूर्वी पीएच. डी. चा एकेक विद्यार्थी प्रबंधाच्या पाच-पाच प्रती काळ्या रेक्झिनमध्ये बांधून नेई, पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव. आता प्रबंध 'शोधगंगे'त सोडले जातात आणि नियतकालिके पडद्यावर वाचली जातात. उरलेसुरले भरवशाचे काम एकच, विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे.

पण ते काम आमचे नव्हते, हीच तर गोष्ट आहे. काम एका पुरवठादाराचे. निविदा तो भरायचा, आदेश त्याच्या नावाने निघायचा आणि गठ्ठे टेम्पोतून आमच्या दारात उतरायचे. विद्यापीठाकडून तो एका खंडाचे १४० रुपये घेई आणि बाबांच्या हातावर ५५ ठेवी. हे आकडे मला कळले ते अगदी योगायोगाने. गठ्ठ्यात चुकून आलेल्या एका कागदावरून. मी तृतीय वर्षाचा, अर्थशास्त्र विषय घेतलेला विद्यार्थी! रक्त तापायला तेवढे पुरे होते. "बाबा, आपणच का नाही भरत?" मी विचारले. बाबांनी पुठ्ठ्यावरची सुरी न उचलता उत्तर दिले, "ती मोठ्या लोकांची कामं."

मी ऐकले नाही. पहिली पायरी 'उद्यम' नोंदणीची. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि तिला एक पैसाही फी नाही. आधार क्रमांक आणि पॅन पुरते. तरीही बाजारातल्या एका सेवा केंद्रवाल्याने माझ्याकडे बाराशे रुपये मागितले. मी घरी येऊन अर्ध्या तासात स्वतः केली. त्या वेळी ५ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म' गणला जाई. बाबांनी प्रमाणपत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचले आणि म्हणाले, "पाच कोटी म्हणजे सूक्ष्म, तर मग आपल्याला काय म्हणायचं?" पुढे १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० कोटींवर गेली. मी ती बातमी वाचून दाखवली, तर मामा दोरा दाताने तोडत म्हणाले, "म्हणजे आपण आणखी बारीक झालो."

दुसरी पायरी डिजिटल स्वाक्षरीची. अंगठ्याएवढे एक यंत्र. ते संगणकाला जोडल्याखेरीज ई-निविदा भरताच येत नाही. बाबा मोडी वळणाची, शेवटी दोन टिंबे देऊन सही करतात. ती सही आता त्या यंत्रात आहे असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि देवघरातल्या फळीवर ठेवून दिले. आमच्या घरात महत्त्वाच्या वस्तूंची जागा तीच आहे.

निविदेत दोन लिफाफे असतात. लिफाफे नावालाच; कागद कुठेच नाही. पहिला तांत्रिक, त्यात तुम्ही कोण, काय अनुभव, किती उलाढाल याचे दाखले. दुसरा आर्थिक, त्यात तुमचा दर. पहिला पसंत पडला तरच दुसरा उघडतात. सूक्ष्म उद्योगाला अनामत रकमेची सूट त्या निविदेत होती, तेव्हा मला वाटले अर्धी लढाई जिंकलीच. रात्री अकरा वाजता सारे चढवून मी आईला उठवून चहा करायला लावला.

तीन आठवड्यांनी निकाल आला. पहिल्याच लिफाफ्यात अपात्र. कारण : 'समान स्वरूपाच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव सिद्ध होत नाही.'

वाचकहो, त्या ग्रंथालयातले कितीतरी खंड बाबांच्या आणि मामांच्या हाताखालून गेलेले. आणि अनुभव सिद्ध होत नाही! मी बाबांना ओढतच विद्यापीठात घेऊन गेलो. खरेदी विभागातल्या भाऊसाहेबांनी अट क्रमांक दाखवला आणि फाइल मिटली. त्यांचे तरी काय चुकले? मग आम्ही ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल मॅडमनी बसायला सांगितले. बाबा बसले नाहीत. ते मांडणीपाशी गेले, एक जाड खंड काढला, मधोमध उघडला आणि शिवणीवरून बोट फिरवत म्हणाले, "ही मामांची शिवण. दर चौथ्या जुजाला गाठ." दुसरा काढला. "ही माझी. इथं पुठ्ठा जरा कमी पडला होता, जोड दिलाय." असे सात-आठ खंड झाले. मॅडम उठून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "काम तुमचंच आहे हो," त्या म्हणाल्या, "पण कागदावर ते तुमचं नाही."

मग त्यांनी जे सांगितले ते मला कुठल्याच संकेतस्थळावर सापडले नव्हते. मोठी वार्षिक निविदा हे एकच दार नसते. लहान रकमेची कामे तीन दरपत्रके मागवून दिली जातात. त्यासाठी आपले नाव, कामाचा नमुना आणि नोंदणीचे प्रमाणपत्र विभागाकडे आधीच देऊन ठेवायचे, म्हणजे दरपत्रक मागवताना आपली आठवण होते. आणि काम संपले की पैशांच्याही आधी मागायची वस्तू म्हणजे काम पूर्ण केल्याचा दाखला. "लहान का होईना, तुमच्या नावाचा कागद तयार करा," त्या म्हणाल्या.

केंद्रीय विद्यापीठांची तऱ्हा निराळी, हे मी पुढे अभ्यासले. तिथली खरेदी पुष्कळशी २०१६ साली सुरू झालेल्या 'जेम' या सरकारी ई-बाजारातून होते. केंद्राच्या २०१२ च्या धोरणाप्रमाणे वार्षिक खरेदीतला ठरावीक वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. आधी तो २० टक्के होता, २०१८ च्या दुरुस्तीने २५ झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी. लहान उद्योगाचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी तो कमी दर मान्य करून कामाचा हिस्सा त्याला मिळू शकतो. परंतु हे धोरण केंद्राच्या खात्यांना आणि उपक्रमांना लागू. आमचे विद्यापीठ राज्याचे, त्याची नियमावली वेगळी. अर्ज कुणाच्या दारात करतो आहोत हे आधी पाहावे, एवढे मी माझ्या धाकट्या मित्रांना जरूर सांगेन.

नोव्हेंबरात पत्र आले. २४० खंडांसाठी दरपत्रक द्यावे. त्या रात्री घरात जो हिशेब झाला तो विसरणे शक्य नाही. बाबांनी पाटीवर लिहिले : साहित्य ३८, मजुरी ३२, एकूण ७०. आणि खाली रेघ ओढली. "हा तुमचा खर्च झाला. दर कुठाय?" मी विचारले. त्यांना प्रश्नच कळला नाही. आपल्या हातची मजुरी सुटली म्हणजे नफा झाला, असेच त्यांनी आयुष्यभर मानले होते. टेम्पोचे जाण्यायेण्याचे १,८०० रुपये त्यांनी धरलेच नव्हते. ते धरले तर खंडामागे साडेसात रुपये खिशातून जाणार होते. शिवाय बिल निघेपर्यंतची उसनवारी. खूप वादावादी होऊन आम्ही ९५ लिहिले. बाबांना तो दर लिहिताना लाज वाटत होती, हे मी पाहिले. इतर दोघांचे दर ११० आणि १२८ निघाले. काम आम्हांला मिळाले, २२,८०० रुपयांचे.

मामांनी त्या खंडांना जी शिवण घातली, तशी मी त्यांच्या हातची कधी पाहिली नव्हती. जानेवारीच्या आत काम पोचते झाले.

आणि मग बिल. पहिल्यांदा परत आले, कारण त्यावर साठा नोंदवहीचा पान क्रमांक नव्हता. दुसऱ्यांदा, कारण आदेशाची प्रत जोडली नव्हती. मार्च उजाडला, आणि मार्चमध्ये कुणाशी बोलायचे नसते हे तिथला शिपाईसुद्धा सांगतो. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मालाच्या स्वीकृतीपासून फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. २०१७ पासून त्यासाठी 'समाधान' या संकेतस्थळावर तक्रारीची सोय झाली होती. (शेजारच्या स्टेशनरीवाल्या काकांना हा लाभ नाही, व्यापाऱ्यांना २०२१ पासून 'उद्यम' नोंदणी मिळू लागली, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती.) मी तक्रारीचा मजकूर लिहून तयार ठेवला. बाबांनी तो शांतपणे वाचला. "कायदा बरोबर असेल रे," ते म्हणाले, "पण ज्या घरी पुन्हा जायचंय, त्या घरावर फिर्याद करून कसं चालेल?" मी म्हणालो, असेच म्हणत सगळे गप्प बसतात. त्यावर ते काही बोलले नाहीत. तक्रार मी पाठवली नाही. योग्य केले की भित्रेपणा केला, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी दारात टेम्पो थांबला. जुना पुरवठादार. मोठी निविदा अर्थातच त्याची. "दर वाढवलाय मालक, आता ६५," तो म्हणाला, जणू बक्षीसच देत होता. मी तोंड उघडणार तोच बाबांनी मामांना गठ्ठे उतरवून घ्यायला सांगितले. मामांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. मी त्या रात्री जेवलो नाही. बाबांनी मात्र नेहमीप्रमाणे जेवून दुसऱ्या दिवशीची खळ भिजत घातली.

पैसे जूनमध्ये आले, व्याजावाचून. दाखलाही आला, पण त्यावर दुकानाचे नाव 'बाइंडिंग वर्क्स'ऐवजी 'बिल्डिंग वर्क्स' असे पडले होते. मी पुन्हा एस. टी. ने जाऊन ग्रंथपाल मॅडमच्या टेबलापाशी उभा राहिलो. त्या हसल्या, नवा कागद टंकून घेतला, सही केली, शिक्का मारला आणि पंख्याखाली शाई वाळेपर्यंत मला बसवून घेतले.

तो दाखला आता देवघराच्या फळीवर आहे, त्या अंगठ्याएवढ्या यंत्राच्या शेजारी. असे आणखी दोन वर्षांचे दाखले हवेत. मामांच्या पुढ्यात ६५ रुपयांचे खंड आहेत, आणि दर चौथ्या जुजाला ते गाठ मारत आहेत.