दोन नद्यांचं गाव

पुणे जिल्हा नकाशावर आग्नेयेला जिथे चिंचोळा होत संपतो, तिथे नरसिंहपूर आहे. एका बाजूने भीमा, दुसऱ्या बाजूने नीरा. पलीकडचे दोन्ही काठ सोलापूर जिल्ह्याचे. संध्याकाळी घाटावर बसले, तेव्हा जाणवलं, या गावाचा स्वभाव नद्यांनीच घडवला आहे.

विंचूरकर सरदारांनी पेशवाईत बांधलेलं लक्ष्मी-नृसिंहाचं मंदिर दगडी तटबंदीमुळे किल्ल्यासारखं भासतं. आतली मूर्ती वाळूची. ती प्रल्हादाने घडवली, अशी श्रद्धा. नृसिंह अनेक घराण्यांचं कुलदैवत, त्यामुळे दूर शहरांत स्थिरावलेली माणसंही पिढ्यान्‌पिढ्या इथे येतात. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंह जयंतीला, गाव माणसांनी भरून जातं.

पावसाळ्यात भीमेतून उजनीचं आणि नीरेतून वीर धरणाचं पाणी इथे एकत्र येतं. म्हणून इथल्या पाण्याचा आकडा खाली पंढरपूर काळजीने ऐकतं.

तालुक्याचं ठिकाण नसलेल्या गावांचा इतिहास आपण सहज विसरतो. मला वाटतं, तो लिहिला पाहिजे: देवळाचा, घाटाचा, पुराचा आणि इथे राहून हे सगळं जपणाऱ्या माणसांचाही.